अर्धी टाकी

“आज फुल्लच कर,” ड्रायव्हर व्हॅनमधून उतरत म्हणाला, “पण सावकाश भर बाबा. आईशी बोलायचंय.”

पंपवाला चाट पडला. हा गडी टाकी कधी फुल्ल करतच नसे. सकाळी अर्धी, दुपारी अर्धी. पार्सलची गाडी वाटेत जरा कुठे थांबली, की ऑफिसातला साहेब पडद्यावर बघून लगेच फोन करी, “काय हो, झोप लागली का?” डिझेल भरताना मात्र साहेबाची बोलती बंद. म्हणून पठ्ठ्याने एका टाकीचे दोन थांबे केले होते, आणि दोन्ही थांबे दूर गावी अंथरुणाला खिळलेल्या आईला देऊन टाकले होते.

रजा मागून झाली होती. “रूट संपवा, मग खुशाल जा,” साहेब म्हणाला होता. आणि सकाळीच धाकट्या बहिणीचा फोन आला, “दादा, डॉक्टरांनी हात टेकलेत. दुपारपर्यंतचं काही खरं नाही. बोलून घे.”

पंपाजवळ फोन चालत नाही, म्हणून तो लांब भिंतीशी जाऊन उभा राहिला.

“तिच्या कानाला लावते,” बहीण म्हणाली. “बोल. ऐकू येतं म्हणे.”

आता काय बोलणार, कप्पाळ! सकाळपासून आत सगळं बधिर झालं होतं. रडूसुद्धा येईना. मग तो रोजचंच बोलू लागला.

“आई, एका बाईंनी आरसा मागवला, दारापेक्षा उंच! आत जाईना. मला म्हणतात, तुम्हीच काहीतरी करा. आता मी काय दार कापू? … हो, खाल्लं मी. खरंच खाल्लं. पाठ बरी आहे गं.”

पंपवाल्याने धार बारीक ठेवली होती. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून कावला, तरी हा ढिम्म. पण टाकी ती टाकीच, किती पुरणार? त्याने लांबूनच हात वर केला.

“ठेवतो आई. औषध घे हं.”

“दादा,” बहीण म्हणाली, “ती मघाशीच गेली रे.”

“मघाशी म्हणजे?”

“तू आरशाचं सांगत होतास तेव्हा. मध्ये तोडवेना मला. फोन तसाच धरून ठेवला.”

“बरं केलंस,” तो म्हणाला.

तो गाडीत येऊन बसला. पंपवाल्याने टाकीचं झाकण लावलं आणि खिडकीशी येऊन विचारलं, “काय म्हणते आई?”

“ऐकत होती,” तो म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.