बटणांच्या डब्याचा कबुलीजबाब

मित्रांनो, आत्याच्या उजव्या हाताचा अंगठा अर्धा कापावा लागला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते लिहिलेलं नाही. आत्याचा अंगठा जागच्या जागी आहे, ती शिलाई मशीनवर बसली आहे आणि मी कपाटावर निवांत आहे.

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्मलो बिस्किटांसाठी. बिस्किटं चार दिवसांत संपली आणि मी ऐन तारुण्यात बेकार झालो. तेव्हा आत्याने मला बटणं ठेवायला घेतलं. ते माझे सुखाचे दिवस. गिऱ्हाइकं कोटाची बटणं बघून वा म्हणत. त्यातला निम्मा वा मी स्वतःकडे ठेवून घेई.

मग आत्याचा घसा धरला. डॉक्टरीणबाईंनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, घसा दोन दिवसांत बरा वाटला, आणि उरलेल्या गोळ्या माझ्यात आल्या. बाहीच्या कापडातून उरलेल्या तुकड्याचा खिसा काढणारी बाई ती, गोळ्या टाकून कशी देईल? पुढे घरातल्या प्रत्येक दुखण्याची शिल्लक माझ्याकडे जमू लागली. आत्याने पाकिटं कात्रीने कापून एकेक गोळी सुटी केली आणि बटणांसारखी रंगावर लावली. नावं आणि तारखा कचऱ्यात गेल्या. पांढरी तापाला, पिवळी पोटाला आणि लाल-काळी कॅप्सूल कशालाही. शेजारपाजारचे लोकही रंग सांगून गोळ्या नेत. मला वाटे, मी आता डबा राहिलो नाही, दवाखाना झालो. मी फुगलो होतो, मित्रांनो. पत्र्याला ते शोभत नाही.

घरामागे आत्याच्या भावाने चाळीस कोंबड्या पाळल्या होत्या. त्यातल्या दोन शिंकल्या. भावाने विचारलं, पाण्यात लाल-काळ्या किती टाकू? आत्याने अंगरख्याचं माप सांगावं तशा सुरात सांगितलं, "माणसाला दोन, कोंबडी लहान, तेव्हा बादलीला चार पुरेत."

शिंका थांबल्या. त्या आपोआपही थांबल्या असत्या, पण श्रेय मी घेतलं. मग दर सोमवारी, कुणी शिंको न शिंको, बादलीत कॅप्सूल पडू लागल्या. कोंबड्यांची विष्ठा भाजीच्या वाफ्यात, वाफ्याचं पाणी गटारात, आणि गटार पुढे कुठे जातं ते कुणी विचारलं नाही.

खरा प्रकार मला फार उशिरा कळला. अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात. दांडगे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच पिलावळ वाढते. म्हणजे मी दवाखाना नव्हतोच. मी जंतूंची तालीम चालवत होतो आणि खुराकही मीच पुरवत होतो.

एकदा खुराडं साफ करताना आत्याच्या अंगठ्यात तार घुसली. सुई टोचून घेण्यात तिचा जन्म गेलेला, तिने लक्ष दिलं नाही. अंगठा सुजला तेव्हा तिने मला उघडलं. आधी लाल-काळी, मग पिवळी, मग उरलेले सगळे रंग. भाऊ म्हणाला, आता फक्त बटणंच गिळायची राहिलीत. आत्या हसली. चौथ्या दिवशी अंगठा दोऱ्याच्या रिळाएवढा झाला, ताप चढला आणि हसणं संपलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय घेतलंत? आत्याने मला टेबलावर ठेवलं. बाईंनी मला उपडं केलं आणि त्या रंगांत नाव असलेलं एक तरी पाकीट शोधलं. पू तपासायला गेला, कोंबड्यांचं पाण्याचं भांडंही गेलं. दोन्हींत एकच जंतू निघाला. अहवालात औषधांची लांब यादी होती आणि जवळजवळ प्रत्येकापुढे लिहिलं होतं: दाद देत नाही.

"मी तर जपून वापरल्या हो," आत्या म्हणाली. "एक गोळी वाया घालवली नाही."

"जपायच्या नव्हत्या, आत्या. सांगितल्या तेवढ्या संपवायच्या होत्या," बाई हळूच म्हणाल्या.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, कारण ते मी लिहिलेलं नाही. एवढंच सांगतो की आत्याला आता सुई धरता येत नाही. कोट ती डाव्या हाताने कापते, काजं आणि बटणं भाऊ लावतो, वाकडी. गिऱ्हाईक आता वा म्हणत नाही. माझा निम्मा वाटाही त्याबरोबर गेला.

मित्रांनो, गोळ्या डॉक्टर देतील तेव्हाच घ्या आणि सांगतील तितक्या घ्या. कोंबडीच्या शिंकेला कोंबड्यांचा डॉक्टर असतो. आणि माझ्यासारख्या डब्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही काहीही ठेवून घेतो.

प्रति, मा. प्रमुख अधिकारी, जंतू विभाग, यांस सविनय अर्ज: सदर जंतूंनी माझ्या ताब्यातील गोळ्यांवर जे शिक्षण घेतले, ते विसरण्याचा लेखी आदेश त्यांना द्यावा. आदेशाच्या प्रती कोंबड्या, भाजीचा वाफा, गटार आणि शेजारी यांना माहितीसाठी पाठवाव्यात. तसेच हा आदेश पूर्वलक्षी प्रभावाने, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापासून अमलात आणावा, ही नम्र विनंती.