उसात उतरलेलं यान

परातीत ठेवलेला मोबाईल थरथरला आणि दुपारच्या गप्प घरात आख्खी परात वाजायला लागली. चिनू कुशीवर वळली, पण उठली नाही. मी पळत जाऊन परातीवर हात दाबून धरला. मोबाईल तिथं ठेवायची सवय चिनूमुळेच लागली आहे. ओट्याच्या मागच्या कडेपर्यंत तिचा हात पोचत नाही. अजून.

मेसेज 'नऊ नंबरवाले' या आमच्या गटाचे होते. एकदोन नाही, रास पडली होती.

'यान क्रमांक नऊ' ही मालिका आम्ही लहान असताना रविवारी संध्याकाळी लागायची. शहाद्याजवळच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत आमच्यातले बहुतेक सगळे वाढले. तिथल्या हॉलमध्ये मोठा रंगीत टीव्ही होता आणि त्याच्यापुढे सतरंजी. कॅप्टन भार्गव दूरच्या एका ताऱ्याकडे निघालेला. वर त्याचा एक दिवस गेला की खाली पृथ्वीवर कितीतरी महिने उलटायचे. खाली त्याची आई. ती रोज दारावरचा दिवा लावून ठेवायची, पोराला वरून घर ओळखू यावं म्हणून. प्रत्येक भाग त्या दिव्यावर संपायचा. मालिकेची तीन पर्वं झाली, चित्रकथा निघाल्या, बिस्किटाच्या पुड्यात स्टिकर आले. माझ्या कंपासपेटीला आतून कॅप्टन चिकटलेला होता, तो दहावीपर्यंत.

आता कुठलीशी कंपनी ती मालिका नव्यानं काढणार होती. नवे नट, नवं यान, सगळं पहिल्यापासून. जुन्या प्रेक्षकांना काय वाटतं ते त्यांनी विचारलं होतं आणि आजचा शेवटचा दिवस होता. रिषभ आमच्या सगळ्यांच्या वतीनं उत्तर पाठवणार होता. वसाहतीच्या फाटकाशी त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आता त्याचं शहाद्यात कापडाचं आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की तो गटावर असतो.

"माझं मत ठाम आहे. हात लावू नका," त्यानं लिहिलं होतं. "नवा कॅप्टन म्हणजे आधी दंड फुगवून उभा राहणार."

"मग यानात गाणं," सुरतेहून गोकुळनं भर घातली.

"गाण्यात पाऊस."

"यानात पाऊस कुठून रे?"

"पैसा लावला की पडतो."

इंद्रसिंग सरांचं म्हणणं वेगळं होतं. ते तोरणमाळकडचे, आता तिथल्याच शाळेत शिकवतात. "काढू द्या की. माझ्या वर्गातल्या मुलांना कॅप्टन कसा दिसतो ते माहीत नाही. खरं तर मलाही नाही." त्यांच्या गावात तेव्हा वीज नव्हती. पुढे वसतिगृहात गोकुळ त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपायचा, त्यानं त्यांना सगळी मालिका तोंडी सांगितली. म्हणजे सर गटात आहेत ते मालिका न बघताच.

"सर, तुम्ही ऐकीव फॅन. तुमचं मत अर्धं धरू," रिषभनं लिहिलं.

"धरा. मला वाटलं होतं, धरणारच नाही."

आणि मग रिषभचं नेहमीचं: "बाकी सगळं करतील हो. पण शेवट? उसातला शेवट कोण करून दाखवणार?"

यावर आमच्यात कधी वाद झाला नव्हता. शेवटच्या भागात यान परत येतं आणि उसाच्या वावरात उतरतं. ऊस गोल आडवा पडतो. कॅप्टन बाहेर येतो, हातमोजा घातलेल्या हातानं एक ऊस कडकन मोडतो आणि उभ्या उभ्या खातो. मला तो हातमोजा अजून दिसतो. तो ऊस खातो म्हणून तर कळतं की तो घरी आला.

यान परत येतं, एवढं चिनूला मी किती वेळा सांगितलं असेल. योगेंद्र, म्हणजे तिचे पप्पा, गळिताच्या हंगामापुरते कर्नाटकातल्या एका कारखान्यावर गेलेत. ते गेल्यापासून संध्याकाळी आप्पा तिला यानाची गोष्ट सांगतात, रोज थोडी थोडी. दोधूआप्पा, माझे सासरे. आणि झोपताना ती माझ्या गालाला हात लावून विचारते, "येतं ना गं परत?" मी म्हणते, "येतं." मग तिचा हात सैल पडतो. आज आप्पा शेवट सांगणार होते. सकाळपासून तिनं मला आठवण करून दिली होती.

रास पडली होती ती या शेवटावरूनच. रिषभनं कंपनीच्या पानावर जाऊन लिहिलं होतं, 'उसातल्या शेवटाला धक्का लावाल तर याद राखा.' खाली नागपूरच्या कुणी बाईंनी विचारलं, 'कुठला ऊस?' मग साताऱ्याच्या एकानं, 'दादा, तुम्ही गुऱ्हाळाची जाहिरात बघितली असेल.' त्यावर हसून लोळणाऱ्या तोंडांची ही भलीमोठी रांग. आणि शेवटी कुणीतरी घरच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेला तो भागच टाकला.

मी आवाज बारीक करून ओट्याला टेकून बघितला. यान वळतं. कॅप्टन म्हणतो, "आई, मी निघालोय." मग खरखर. पडदा काळा होतो. मग दार, दारावरचा दिवा, आणि नावं वर सरकायला लागतात. ऊस नाही. कॅप्टन येत नाही. येत नाही असंही कुणी सांगत नाही, नुसता दिवा.

मी परत लावला. परत तेच. कुकरची शिट्टी झाली ती मला ऐकूच आली नाही; दुसरीला गॅस बंद केला.

रिषभचा फोन आला. "दीपे, बघितलंस?"

"बघितलं."

"हे खोटं आहे ना? कापलंय ना कुणीतरी?"

"तुझ्या दुकानात गिऱ्हाईक नाही का?"

"आहे. साडी उघडून बसलंय. तू आप्पांना विचार. त्या दिवशी ते होते. मला आठवतंय, ते होते."

आप्पा ओसरीत शेजारच्या निर्मलाबाईंची इस्त्री उघडून बसले होते. वसाहतीचे वायरमन होते ते. निवृत्त झाले तरी लोक काही ना काही आणून देतात, आणि न मिळालं तर आप्पा आपल्याच घरातलं चांगलं चालणारं उघडतात. मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. आप्पांशी माझं बोलणं अहिराणीतच, त्यात बघितलं म्हणजे 'दखं' आणि आलं म्हणजे 'उनं'.

"आप्पा, यान उसमा उतरनं ते तुम्ही कोठे दखं?"

"खांबावरतीन," त्यांनी मान वर न करता सांगितलं.

"टीव्हीवर नही?"

"टीव्ही बंद व्हती ना माय. वावधनमा तार तुटेल व्हती."

आणि मला वारा आठवला. खरंच, वारा होता त्या दिवशी. हॉलची खिडकी आपटत होती आणि कुणीतरी मोठ्यानं भोकाड पसरलं होतं. ते बहुतेक मीच.

"मी वर खांबावर, तुम्ही समदा पोरं खाले," आप्पा म्हणाले. "कोनी रडे, कोनी नाक पुसे. तू तं मन्ही सिडी हालाडी ऱ्हायंती. एकच सवाल, आप्पा, यान उनं का? यान उनं का? वर चढेल मानूसले काय दिखी? ऊसच ऊस दिखे. मी म्हनं, उनं. तठे उतरनं, उसमा."

"आनि ऊस मोडीसन खादा तो?"

"तो मीच. खाले उतरनू, बांधवरला ऊस मोडा, तुम्हले समदासले दिधा. तव्हय तुम्ही चूप व्हयनात."

"म्हणजे ते खरं नही."

आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, चष्म्यावरून. "तुम्ही घर गयात ना? जेवनात ना? झोपनात ना?"

"हा."

"मंग उतरनंच समज."

 मी त्यांच्यापुढे मोबाईल धरला. त्यांनीही तो शेवट कधी पाहिलेला नव्हता. हात लांब करून, भुवया ताणून, त्यांनी पूर्ण बघितला. दिव्यापाशी थांबवायला सांगितला.

"साठ वॅटना बल्ब शे. साधा. इतला वरीस टिकाव नही," ते म्हणाले. आणि मोबाईल मला परत देत, "हाऊ शेवट नही माय. लोके वाट दखी ऱ्हायनात आनि हाई नावं दखाडी ऱ्हायनात. नवीन काढतस तं काढू दे. एखादा तरी त्याले खाले उतारी दी."

मी आत जाऊन गटावर लिहिलं. लिहिताना जरा जड गेलं, कारण यात फक्त रिषभचा हट्ट नव्हता, माझं रात्रीचं 'येतं'ही होतं. "आप्पांना विचारलं. त्या दिवशी तार तुटली होती. शेवट आपण कुणीच पाहिला नाही. उसातलं यान टीव्हीवर नव्हतं. आप्पांनी उतरवलं, खांबावरून."

 मग गोकुळ: "मग तो हातमोजा? मी हातमोजा बघितलाय. शपथेवर सांगतो."

"आप्पांचा. वायरमनचा रबरी हातमोजा."

"आई शपथ."

इंद्रसिंग सरांनी लिहिलं, "आमच्याकडे तर ते उसात उतरतच नाही. तोरणमाळला ऊस कुठला? गोकुळनं ऊस सांगितला, पण माझ्या मुलांना मी तलाव सांगतो. यान तलावात उतरतं, सगळ्या डोंगराला लाटांचा आवाज ऐकू जातो. मुलं दर पावसाळ्यात पाणी बघून येतात, खाली काही दिसतं का."

रिषभ लिहीत होता, थांबत होता, पुन्हा लिहीत होता. शेवटी आलं ते एवढंच: "म्हणजे मी इतकी वर्षं राखण कशाची केली?"

"दुकानदारा, माल डुप्लिकेट निघाला," गोकुळ म्हणाला.

"माल एक नंबर आहे रे. लेबल दुसऱ्याचं लागलं होतं." आणि मग, "सर, तलाव चांगलाय. मला सुचायला हवा होता."

"मग माझं मत आता पूर्ण धरणार का?"

"पाऊण."

संध्याकाळ व्हायच्या आत रिषभनं कंपनीला जे पाठवलं ते आधी आम्हाला दाखवलं. "नव्यानं जरूर काढा. आमच्याकडे ते दोनदा काढून झालं आहे आणि दोन्ही वेळा चाललं. फक्त कॅप्टनला खाली उतरवा. कुठं ते तुम्ही ठरवा. जागा लागली तर आमच्याकडे आहे." खाली सगळ्यांची नावं. माझ्या नावापुढे त्यानं आप्पांचंही घातलं होतं आणि हुद्दा लिहिला होता: वायरमन.

मला हसू आलं, आणि हसता हसता धाकधूकही. आता आप्पांनी खरा शेवट पाहिला होता. चिनूला ते कुठला सांगतील? सांगू नका म्हणावं, तर काय सांगू नका? कॅप्टन येत नाही हे, की येतो हे? मी तांदळाचं ताट घेऊन दारात बसले आणि एकच खडा दोनदा शोधला.

चिनू आप्पांच्या पुढ्यात मांडी घालून बसली होती. इस्त्री जोडून झाली होती. समोर ऊस तोडून मोकळ्या झालेल्या वावरावर बगळे उतरत होते.

"मंग यान वळनं," आप्पा म्हणाले. "कॅप्टन म्हने, आई, मी निंघनू. मंग खर्रर्र. अंधारं."

चिनूनं माझ्याकडे बघितलं. मी ताटात.

"मंग?"

"मंग काय? वारं सुटनं. ऊस समदा गोल आडवा पडना. आनि मधमा यान. धप्प."

चिनूनं सोडलेला श्वास मला दारापर्यंत ऐकू आला. पुढं हातमोजा आला, ऊस कडकन मोडला, आणि आप्पांनी खिशातून खरोखरचं एक पेर काढून तिच्या हातात दिलं. दुपारी केव्हातरी जाऊन बांधावरून आणलं असणार. ती ते चोखत माझ्याकडे आली, हनुवटीवर रस, आणि माझ्या मांडीला पाठ लावून बसली. पप्पा होळीला येणार आहेत, ते तिनं मला एकदा सांगितलं, जसं काही मला माहीत नव्हतं. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. बरं वाटत होतं. सगळं जिथल्या तिथं होतं.

दिवे लागायची वेळ झाली. आप्पांनी उठून दारावरचं बटण दाबलं. चिनूनं दिव्याकडे बघितलं, चोखायची थांबली.

"मम्मी, वर एक दिवस म्हणजे खाली खूप खूप दिवस ना?"

"हो."

"आणि तो खूप दिवस वर होता. त्याची आई खाली."

"हो गं."

"मग तो आला तेव्हा दिवा कोणी लावलेला होता?"