आकड्याआधीचं शून्य

रेगुला इंडरबित्सिन बाईंनी पन्नास वर्षांपूर्वी झुरिचमध्ये एक संगणकभाषा रचली आणि तिच्यात एक नियम घातला: आकड्याआधी शून्य लिहिलं, की यंत्र तो आकडा दहाऐवजी आठाच्या गठ्ठ्यांनी मोजणार. म्हणजे ०१० हे दहा नव्हे, आठ. तेव्हाच्या यंत्रांना ते सोयीचं होतं. माणसांची सोय कोण बघतो?

आमची स्विस माणसं पडली टापटिपीची. केबलकारच्या एका अभियंत्यानं आकडे एकाखाली एक नीट दिसावेत म्हणून १२०च्या खाली ०१० लिहिलं. दहा सेकंद धरून ठेवायचा ब्रेक आठव्यालाच सुटला आणि गिसलर नावाच्या कामगाराचा हात गेला. बाई दर नाताळाला त्याला पत्र लिहीत. उत्तर कधी आलं नाही.

त्या भाषेवरून दुसरी निघाली, दुसरीवरून तिसरी. बाईंनी जीव ओतून केलेले, चूक आधीच पकडणारे नियम एकेक करून गळाले. भाषा आटोपशीर हवी ना. शून्य मात्र घराण्यातल्या खोडीसारखं टिकलं. चौथी भाषा रचणाऱ्या पाच जणांत मी, बाईंचा जुना विद्यार्थी, होतो. बाई म्हणाल्या होत्या, "रेटो, मी जायच्या आत तेवढं काढ." मी हो म्हणालो होतो.

आमच्यात जुना नियम काढायचा, तर सकाळी नऊच्या कॉफीला पाचही हात वर व्हावे लागतात. त्या दिवशी चार झाले. माझा झाला नाही. माझ्या कंपनीच्या प्रोग्रॅममधल्या लाखो जुन्या ओळी त्या शून्यावर चालतात. नियम काढला, तर जिथे आठ हवेत तिथे गुपचूप दहा होणार. ते निस्तरणार कोण? घाबरलो, दुसरं काय.

दुपारी बाईंकडे वृद्धाश्रमात गेलो. बाईंनी जर्दाळूचा केक कापून ठेवला होता.

"काय झालं?"

"राहिला नियम. चारच हात वर झाले."

"पाचवा कोण शहाणा?"

मी केककडे बघत बसलो. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली.

"खा. नाव नको सांगूस. माझ्याच हाताखाली शिकलेला असणार."

मी खाल्लं. त्यांनी खणातून कागद आणि पेन काढलं.

"आता गिसलरला यंदा काय लिहू, तेवढं सांग."