बॉनेट आधीच गरम होतं

मित्रांनो, मी एक जुनी, फिकट निळी गाडी आहे आणि मला राग आलेला आहे. आज सकाळी आलाय असं नाही. गेल्या ऑक्टोबरपासूनचा आहे आणि मी तो नीट जपून ठेवलाय. तुम्ही म्हणाल, गाडीला कसला आलाय राग? अहो, जिच्या पोटात मिनिटाला हजारो स्फोट होतात, तिला रागावायला असा कितीसा वेळ लागणार?

पण आधी चांगलं सांगते. माझा जन्म इथलाच, अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका कारखान्यातला. तिथून मी गेले नोवाकबाईंकडे. त्या शाळेत संगीत शिकवायच्या आणि त्यांचा कान असा तिखट, की सकाळी मला सुरू केलं की म्हणायच्या, "आज तू अर्धा सूर खाली आहेस," आणि लगेच गॅरेजला फोन! नऊ वर्षं माझं ऑइल एकदासुद्धा उशिरा बदललं नाही. एका जानेवारीत इतका बर्फ पडला, की मी अख्खी गडप झाले. बाईंनी खूण म्हणून माझ्या अँटेनाला लाल लोकरी मोजा बांधला होता. शेजाऱ्याला वाटलं, कुणाचा तरी मोजा बर्फात पडलाय. त्याने तो ओढला आणि मोज्यामागोमाग मी बाहेर आले. खोटं वाटत असेल तर त्या शेजाऱ्याला विचारा. त्याची पाठ अजून दुखते.

मग बाईंची नजर अधू झाली आणि त्यांनी मला त्यांच्या पुतण्याला दिलं. त्या पठ्ठ्याने दोन वर्षांत माझं ऑइल एकदाही बदललं नाही. मित्रांनो, इंजिनाच्या पोटात एक साखळी असते. तिच्यामुळे आतले सगळे भाग एका तालात चालतात. ऑइलअभावी माझी साखळी ढिली पडली. थंड इंजिन सुरू केलं, की पहिली काही सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड व्हायची. मग इंजिन गरम झालं, की आवाज दबायचा. म्हणजे दुखणं होतं, पण ते फक्त सकाळी बोलायचं. पुतण्याने गाण्याचा आवाज वाढवला आणि एक दिवस मला डगच्या लॉटवर विकून टाकलं.

हा डग म्हणजे नोव्हाय गावातला जुन्या गाड्यांचा डीलर, आणि लॉट म्हणजे त्या गाड्या विकायला उभ्या करायचं त्याचं आवार. त्याने मला सुरू केलं, खडखड ऐकली, जीभ चावली आणि हसला. हो, हसला! मी पाहिलं ना माझ्या आरशातून. दुरुस्त करायचं सोडून त्याने माझ्यात काकवीसारखं दाट ऑइल ओतलं. इतकं दाट, की एक माशी त्यात पडली ती बुडायच्या ऐवजी चालत पलीकडे गेली. डॅशबोर्डवरचा धोक्याचा पिवळा दिवा त्याने मशीन लावून पुसून टाकला. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास मला सुरू करून ठेवायचा, म्हणजे त्यांच्यासमोर मी गरमच असायची आणि गप्पच असायची. माझं तोंड दाबून मला विकायला ठेवलं होतं, मित्रांनो!

अशात आली सुनेत्रा. पुण्याची, अकरा वर्षं इथे डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेली. शिकलेली होती पॅथॉलॉजी, पण काम करायची परवानगी नव्हती. ती आता मिळाली, आणि अ‍ॅन आर्बरमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीही मिळाली. सकाळी सहाची शिफ्ट, त्या वेळेला बस नाही, आणि पहिले नव्वद दिवस प्रोबेशन. उशीर चालणार नाही, दांडी तर नाहीच. नवरा शंतनू, त्याचं ऑफिस बरोब्बर उलट्या दिशेला. म्हणून हिला गाडी हवी होती.

शंतनू शहाणा होता. म्हणाला, "सोमवारी मेकॅनिकची अपॉइंटमेंट मिळतेय. त्याला दाखवू, मग घेऊ."

पण सुनेत्राची सख्खी रत्ना मावशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शंतनूच्या गाडीत, मागच्या सीटवर काच खाली करून बसली होती. (मराठी मला कशी येते, असं विचारणार होतात ना? रत्ना मावशी गाडीत बसली, की दहा मैलांत सीटबेल्टलासुद्धा मराठी येते.) ती म्हणाली, "सोमवारी काय आहे? काही नाही. दसरा गुरुवारी आहे. साडेतीन मुहूर्तांतला एक, आणि हा म्हणतो सोमवार!"

"मावशी, तुम्ही इंजिन मुहूर्तावर चालवता का?"

"तुझी मागची गाडी अमावास्येला घेतली होतीस. काय झालं तिचं?"

"काही नाही झालं. त्याच गाडीत बसलोय आपण."

"मग बघ, एसी किती आवाज करतोय."

झालं! दसऱ्याला सकाळी ही मंडळी ताट घेऊन लॉटवर हजर. डगला असली गिऱ्हाइकं पाठ होती. ऑफिसात त्याने नारळ आणि प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा आणूनच ठेवल्या होत्या. सुनेत्राने माझ्या बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटवली आणि म्हणाली, "अगं मावशी, गरम आहे." मावशी म्हणाली, "बघ, किती जिवंत आहे गाडी!" मी आतून किंचाळत होते. अगं बायांनो, थंडीत सकाळी दहा वाजता उभी गाडी गरम कशी? पण पोटात काकवी, आवाज कुठून फुटणार?

नारळ फुटला. आपट्याची पानं इथे कुठली मिळायला, म्हणून मावशीने अंगणातल्या रेडबड नावाच्या झाडाची पानं आणली होती. ती दिसतात तशीच. "सोनं घ्या," म्हणून तिने एक डगलाही दिलं. त्याने ते खिशात घातलं, "नमस्ते" म्हणाला आणि कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, गाडी आहे तशी विकली, पुढे काही झालं तर डीलर जबाबदार नाही. मावशी घड्याळ बघत होती. सुनेत्राने सही केली. सोनं घेऊन फसवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता!

बारा दिवस मी जीव धरून चालले. सुनेत्रा माझ्याशी बोलायची. "आज पहिल्यांदा एकटीने स्लाइड लावली बरं का," असं सांगायची. सकाळची खडखड ऐकून म्हणायची, "थंडीने असेल." तेराव्या दिवशी हायवेवर माझी साखळी उडाली. आतलं सगळं एकमेकांवर आपटलं, एक धडाका झाला आणि मी संपले. कशीबशी कडेला लागले, तिला इजा होऊ दिली नाही, एवढं मात्र मी केलं. त्या दिवशी ती दोन तास उशिरा पोचली. सुपरवायझर म्हणाली, "आय लाइक यू. पण आणखी एकदा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

पुढचे दिवस शंतनू तिला पहाटे सोडून उलटा ऑफिसला जायचा. पण दिवाळीनंतरच्या सोमवारपासून त्याला तीन आठवडे मेक्सिकोच्या प्लांटवर जायचं होतं. दुसरी गाडी घ्यायची ऐपत उरली नव्हती. त्या सोमवारी सुनेत्राच्या हातात चालती गाडी नसली, तर अकरा वर्षांनी मिळालेली नोकरी जाणार होती.

मेकॅनिकने मला उघडलं. बोटावर ते ऑइल घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, "ज्याने हे घातलं, त्याला आत काय आहे ते माहीत होतं. गिऱ्हाइकासमोर तो हिला गरमच ठेवत असणार."

सुनेत्रा डगकडे गेली. त्याने तिला खुर्चीसुद्धा दिली नाही. तिची सही असलेला कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "मॅम, म्हातारी गाडी आहे. म्हाताऱ्या गाड्या मरतात."

म्हातारी! मला! नोवाकबाईंच्या हाताखाली नऊ वर्षं सुरात चाललेल्या मला! मित्रांनो, मी मेले नव्हते, मला मारलं होतं. दोन्हींत फरक आहे.

घरी येऊन सुनेत्राने सगळं सांगितलं. "मी सांगत होतो" हे शंतनूच्या ओठांवर आलं होतं, ते त्याने चहाबरोबर गिळलं. रत्ना मावशीने चहाला हातसुद्धा लावला नाही. तिच्या बाबतीत ही गोष्ट बर्फात मोजा सापडण्याहून अवघड. मग ती उठली आणि म्हणाली, "टोइंगवाल्याला फोन लाव."

"कुठे न्यायची गाडी, मावशी?"

"कुमारकडे."

कुमारचं इंडियन ग्रोसरीचं दुकान डगच्या लॉटला अगदी चिकटून. दिवाळीआधीचा शनिवार. अख्खं नोव्हाय रवा-मैदा घ्यायला तिथेच. आणि शेजारी डगचा भलामोठा फलक: दिवाळी सेल. कुमार म्हणाला, "ठेवा ना मावशी, माझं पार्किंग आहे, कोण काय बोलतंय!" मला कुंपणापाशी उभं केलं, बॉनेट उघडं, गळ्यात दसऱ्याची तीच प्लास्टिकची माळ. शेजारी फोल्डिंगच्या खुर्चीत मावशी, मांडीवर चकल्यांचा डबा.

जो कोणी ताट घेऊन डगकडे वळेल, त्याला मावशीची हाक. "अरे ए, इकडे ये. चकली खा. गाडी बघायला चाललास? आधी बॉनेटला हात लाव. गरम लागलं तर विचार, ही सकाळपासून कुठे फिरून आली?"

"काकू, तुम्ही इथे काम करता का?"

"मी इथे पाप फेडते. माझ्या नादाने माझ्या भाचीने ही घेतली."

एवढंच म्हणाली ती. पण शेजारी उभ्या सुनेत्राने ते ऐकलं आणि डबा स्वतःच्या हातात घेऊन ती चकल्या वाटायला लागली.

अकरा वाजेपर्यंत चाळीस माणसं डगच्या गाड्यांची बॉनेटं चाचपत होती. एक काका पांढऱ्या व्हॅनवरून हात मागे घेऊन ओरडले, "अहो, ही तर तापलीये!"

डग धावत आला. "ऊन आहे, सर, ऊन."

काकांनी वर पाहिलं. चार दिवस आभाळात सूर्य दिसला नव्हता. पार्किंगमध्ये असा हशा उठला, की डग्लस नदीपर्यंत बदकं उडाली. अशी नदी इकडे नाही म्हणता? नसेल, पण बदकं उडाली ही गोष्ट खरी.

डगने पोलिसाला बोलावलं. पोलीस आला, कुमारला विचारलं, "तुमच्या परवानगीने उभी आहे?" कुमार म्हणाला, "हो." पोलीस डगला म्हणाला, "मग यात मी काय करू?" आणि जाताना दोन चकल्या घेऊन गेला.

दुपारपर्यंत डगची एकही गाडी विकली गेली नाही. तेव्हा डग कुंपणाशी आला. त्या दिवशीचं "मॅम" आता मऊ झालं होतं. "काय हवंय तुम्हाला?"

मला वाटलं आता सुनेत्रा कडाडणार. पण तिने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "मला दिवाळीनंतरच्या सोमवारी पहाटे पाच वाजता कामाला निघायचंय. या गाडीत चांगलं इंजिन बसवा. ते बसेपर्यंत चालती गाडी द्या. आणि दोन्ही गोष्टी लिहून द्या."

"दोन वर्षांची गॅरंटी पण," मावशी खुर्चीतून म्हणाली.

"एक," डग म्हणाला.

"कुमार, आणखी खुर्च्या आण रे!"

"दोन," डग म्हणाला.

कागद माझ्या मडगार्डवर ठेवला. मावशी म्हणाली, "आता सावकाश वाच हं. आज कुठलाही मुहूर्त नाही." सुनेत्राने पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला. एक ओळ खोडायला लावली. मग सही केली.

त्या सोमवारी ती डगच्या लॉटवरच्या एका लाल गाडीतून कामाला गेली. पंधरा दिवसांनी मला ओहायोमधल्या एका अपघातात चेपलेल्या गाडीचं धडधाकट इंजिन बसलं. शंतनूने ते आधी मेकॅनिकला दाखवलं, पूर्ण थंड असताना, आणि मावशी शेजारी हाताची घडी घालून उभी होती. कुणी तिथी काढली नाही.

नव्वदाव्या दिवशी बर्फ भुरभुरत होता. आम्ही वीस मिनिटं आधी पोचलो. दुपारी सुनेत्रा बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरची प्रोबेशनची पिवळी पट्टी नव्हती. ती आत बसली, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि थोडी रडली. मी काच धुकट केली, बाहेरच्यांना दिसू नये म्हणून. गाडीला एवढं जमतं.

मित्रांनो, शेवट गोड झाला म्हणून माझा राग गेला असं समजू नका. दाट ऑइल ओतणारे हात अजून आहेत, आणि गप्प बसवलेल्या गाड्याही आहेत. आम्हाला हार घाला, नारळ फोडा, मला स्वतःला ते फार आवडतं. पण आधी आमचं ऐका. आम्ही दुखणं लपवत नाही, लपवतात ती माणसं. आणि तुमच्या दाराशी उभी आहे तिचं ऑइल शेवटचं कधी बदललंत? आठवत नाही ना? मग माझ्या गोष्टी काय ऐकत बसलात? उठा, बघून या!