उगवतीचं दार

भुसावळच्या रेल्वे कॉलनीमागचं कॅथलिक चर्च बांधलं, तेव्हा चुना घोटायची घाणी माझ्या बैलाने ओढली. पहिल्या जर्मन लढाईच्या बरंच आधीची गोष्ट. मिस्त्री होता बोदवडचा पितांबरनाना. तोवर त्याने देवळंच बांधली होती.

वसईकडचे फादर डाबरे जमिनीवर लांबट चौकोन आखून गेले आणि हिवतापाने पडले. हवापालटासाठी त्यांना इगतपुरीला नेलं. इकडे पाया भरला, भिंती उठल्या. दार कुठे ठेवायचं, हे नानाने कोणाला विचारलं नाही. देवाचं दार उगवतीला असतं, त्यात विचारायचं काय?

पूर्वेच्या भिंतीत त्याने काळ्या दगडाची कमान बसवली. दोन्ही अंगांना केळीची लोंगरं कोरली आणि वर मधोमध क्रूस, एका गार्डसाहेबाच्या गळ्यातला पाहून. असं काम त्याने कुठल्याच देवळाला केलं नव्हतं. आम्हाला तो कमानीला पाठही टेकवू देत नसे.

फादर परतले ते अजून पिवळेच होते. कमानीखाली उभे राहून त्यांनी डोक्याला हात लावला. त्यांच्याकडे वेदी पूर्वेला असते आणि लोक पश्चिमेच्या दाराने आत येतात.

"प्रार्थना करणाऱ्याचं तोंड उगवतीकडे हवं, मिस्त्री."

"आणि देवाचं तोंड मावळतीले? त्याले सकाळचं ऊन नको का, बाबा?"

दोघांनाही उगवतच हवी होती, आणि तरी दिवसभर दोघं एकमेकांवर चिडून राहिले. घाणी थांबली. माझा बैल तेवढा खूश होता. नाना मला म्हणाला, बाप्पू, या बैलाइतकंही आपलं कोणी ऐकत नाही.

संध्याकाळी फादरांनी निकाल दिला. पूर्वेची कमान बुजवायची, पश्चिमेची भिंत फोडून दार काढायचं. नानाने एकच मागणं मागितलं: कमान दगड-दगड सोडवून पश्चिमेला नेऊ द्या. फादर लगेच हो म्हणाले. त्यांनाही ती आवडली होती.

पण चुना आमचा होता. गूळ आणि बेलफळ घालून घोटलेला, दगडाला धरला की सुटत नाही. नाना दोन दिवस छिन्नी चालवत राहिला. चुना हलला नाही, लोंगराचा कोपरा मात्र तुटून खाली पडला. नानाने तो उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढा कशाले घोटला रे भो?"

घोटायला त्यानेच सांगितलं होतं.

कमान विटांनी बुजवली. पश्चिमेला साधं चौकोनी दार काढलं, कारण कोरायचं त्याच्या मनातच राहिलं नव्हतं. पुढे पूर्वेच्या भिंतीला लागून रेल्वेने कोळशाच्या राखेचा ढीग घातला, आणि खालची लोंगरं त्यात गेली.

चर्च उघडलं त्या दिवशी फादरांनी नानाला नव्या दाराशी उभं करून हार घातला आणि फोटो काढवला. फोटो बोदवडला घरी आला. त्याच्या बायकोने, सुगंधावहिनींनी, तो हौसेने ओसरीत लावला.

मी एकदा गेलो तेव्हा फोटोचं तोंड भिंतीकडे होतं. मी सरळ करायला हात घातला.

"राहू दे," नाना म्हणाला. "दुसऱ्याच्याच दारात उभा केला मले."