समताच्या लॅपटॉपचं उत्तर

इंद्रभान गवई जन्मभर चोरून गोष्टी लिहीत आले. अकरा झाल्या, पण दाखवायची हिंमत झाली नाही. स्वतःच्या आजारपणात सोनाळ्याला घरी आलेल्या समतानं, त्यांच्या मुलीनं, त्या वह्या शोधून काढल्या आणि साऱ्या गोष्टी आपल्या आवाजात लॅपटॉपवर वाचून ठेवल्या. "ऐका ना बाबा," ती म्हणायची. "ऐकू नंतर," म्हणत ते लाजून अंगणात जायचे. वैशाखात समता गेली.

आता तिच्या लॅपटॉपचा आवाज फुटत नव्हता, तो पेनड्राइव्ह घेत नव्हता आणि आतून कटकट वाजायचं. नांदुऱ्याचा दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, डिस्क जाऊन राह्यली. चालू झाला का पह्यले कॉपी करा."

मार्ग समतानंच आपल्या वहीत लिहून ठेवला होता. मधे इंटरनेट नको, काही नको. कमांड देऊन दोन लॅपटॉप बिनतारी, थेट जोडायचे. इंद्रभाननी तिच्या आणि आपल्या, दोन्ही लॅपटॉपवर त्या ओळी अक्षर अन् अक्षर तपासत टाइप केल्या. जोडणी होईना. आपलंच चुकलं असणार, नेहमीसारखं.

समताच्या आई, सिंधूताई, मागून डोकावल्या. "हा नंबर दोन्हीकडे सारखाच काऊन?"

"वहीत तसाच हाय."

"वहीत तिच्या लॅपटॉपाचा असन. दोन घराले एकच नंबर दिला तं पोस्टमन कोणाकडे जाईन? तीस वर्सं लायब्रीत पुस्तकाइले नंबर टाकले, अन् हे नाही समजलं?"

इंद्रभाननी आपल्या लॅपटॉपच्या नंबरात शेवटच्या एकाच्या जागी दोन टाकला. मग तिच्या लॅपटॉपला पिंगची, म्हणजे 'आहेस का?' विचारणारी हाक पाठवली.

उत्तर आलं. मग दुसरं. दर सेकंदाला पडद्यावर एक नवी ओळ.

"काय म्हणते?"

"तिच्याकडून उत्तर येऊन राह्यलं."

सिंधूताईंनी स्टूल जवळ ओढलं. "मंग कॉपी करा ना."

"करतो. थांब वं जरासक."

ओळी येत राहिल्या. शंभर, दोनशे. हाक थांबवून कॉपीची कमांड द्यायची, एवढंच होतं, बोट उचलेना. सिंधूताईंनीही पुन्हा घाई केली नाही.

चारशे बाराव्या ओळीनंतर कट्ट झालं. समताच्या लॅपटॉपचा पडदा काळा पडला. इंद्रभाननी तो पाचदा चालू करून पाहिला. डिस्क सापडत नाही, एवढंच तो सांगत राहिला.

त्यांच्या लॅपटॉपवर ओळी अजून येतच होत्या: तिथवर पोहोचता येत नाही. पोहोचता येत नाही.

"बंद करू?" त्यांनी विचारलं.

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. "राहू द्या," त्या म्हणाल्या.