मनमायाचा निकाल

"चाळीस टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, ताई. केवढा महत्त्वाचा निष्कर्ष!" संशोधनवाल्या अनुया मॅडम हरखून म्हणाल्या.

"ते झालं वो. मनमायाचं किती हाय, ते सांगा," गावची आशा सेविका सुचितानं तिसऱ्यांदा विचारलं.

मांडव्याजवळच्या बंगल्यांवर राखणीला असलेली ही नेपाळी कुटुंबं; मनमाया त्यांतल्याच एका घरची. त्यांच्या बायका परक्याला दार उघडत नसत, म्हणून तर मॅडमनी रक्ताच्या तपासणीसाठी सुचिताला गाठलेलं. मालकलोक शुक्रवारी बोटीनं येत, रविवारी जात. तेव्हा सोमवार ते गुरुवार ती उन्हातान्हात फाटकं वाजवत हिंडली, कुत्री अंगावर घेतली. "रिपोर्ट मैं खुद लाके देती," असं एकेकीला सांगितलं. तसं सांगायला तिला कुणी बजावलं नव्हतं. पण रक्त घेतलं की रिपोर्ट मिळतो, हे शेंबडं पोरही जाणतं! बावीस जणींनी तिच्या शब्दावर हात पुढे केले.

चार महिन्यांनी आला तो हा एक रंगीत कागद.

"नावं काढून टाकलीत, ताई. गोपनीयता. कुठला नमुना कुणाचा, आता आम्हालाही कळणार नाही. फॉर्मवर होतं तसं."

"फॉर्म इंग्रजीत व्हता! कपडे वाळत घालताना भोवळ येते तिला. रोज विचारते, दीदी, मेरा कितना? काय सांगू, चाळीस टक्के?"

"कळतं मला. पण आज रक्ताची दुसरी फेरी तेवढी..."

सुचिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती मनमायाच्या फाटकाकडे चालत राहिली.

फाटकाआड मनमाया उभीच होती. मॅडमच्या हातातली पेटी पाहून तिनं काही न विचारता बाही वर सारली आणि गजांतून हात बाहेर काढला.

"दीदीने बोला है, तो ले लो."

सुचिता मधे आली. तिनं तो गार हात धरला आणि बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"ताई, अहो! वर काय सांगू मी?"

"सांगा, सुचिता न्हाय म्हणाली." मग तिला मनमायाकडे बघवेना. "रिपोर्ट नही आया. मैं झूठी पडी. चल, सरकारी दवाखाने में चल मेरे साथ, अभी."

"कल मालिक आएगा, दीदी. पूरा घर झाड़ना है." मनमाया हसली. "धूप में आए हो. रुको, पानी लाती हूँ."

ती वळली. चार पावलांवर थांबली, भिंतीला हात टेकून उभी राहिली, मग आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दोन पेले होते. पहिला तिनं मॅडमना दिला.